ट्रिगरमधला उंबरा

रायफल चालवणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात याची मला आता सवय झाली आहे. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात आरती संपली की कुणीतरी हमखास विचारतं, "काय डॉक्टर, यंदा किती मुडदे पाडले?" मी म्हणते, "तुमचा मोतीबिंदू पिकत आलाय, आधी तो पाडून घ्या." मग पुढचा प्रसाद येईपर्यंत तो माणूस गप्प बसतो.

पण ही गोष्ट गमतीची नाही. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मला अशी भीती बसली होती, की माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट बधिर होत चाललंय. मी डोळ्यांची सर्जन. ते बोट गेलं तर माझं काम गेलं, सरळ हिशेब. आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

सुरुवात कार्डिगनच्या बटणापासून झाली. तीस वर्षं न बघता लावत आलेलं बटण एका सकाळी खाली वाकून बघावं लागलं. मग चहाची वेलची सोलताना तिचं साल बोटाला लागेना. मी स्वतःला म्हटलं, थंडी पडलीय. मग म्हटलं, वय झालंय. दुसऱ्या कुणी डॉक्टरनं मला हे सांगितलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे झापून तपासायला पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार. मनगटात नस दबली असेल, मानेत दबली असेल, साखरेचं असेल. डायबेटिस ही आमच्या घराण्याची इस्टेट आहे. माझ्या वडिलांच्या तळपायात खिळा गेला होता आणि त्यांना तो लादीवर रक्त दिसल्यावर कळला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली होतं, त्यामुळे सगळं डोळेच करतात असं लोकांना वाटतं. डोळे बघतात हे खरं. पण चिमटा किती दाबायचा ते बोटं ठरवतात. भिंगावरचा पापुद्रा असा असतो, की जरा जास्त जोर पडला की गोलाऐवजी कडेपर्यंत फाटत जातो, आणि मग पेशंटला काय सांगायचं ते सुचत नाही.

पुढच्या मंगळवारच्या ऑपरेशनच्या लिस्टवर माझ्याकडे एक आजोबा होते. पूर्वी लंडनच्या बस चालवायचे. एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्यात दगडासारखा मोतीबिंदू. क्लिनिकमधून निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडे हा एकच उरलाय. सांभाळून बरं का." मी म्हणाले, "अजिबात काळजी करू नका." त्यांनी धरलेला हात नेमका तोच होता, त्या बोटाचा.

मी ठरवलं, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर काय ते कळेल. ट्रिगर खोटं बोलत नाही. आता त्या ट्रिगरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत.

माझी रायफल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री. सैन्यानं काढून टाकलेल्या अशा जुन्या रायफली इथे हौशी लोक पोलिसांचं सर्टिफिकेट घेऊन बाळगतात. मी घेतली ती जुन्या ओढीनं. पुण्यात कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये याच जातीच्या रायफलीवर पहिल्यांदा बोट ठेवलं होतं. आमचे हवालदारसाहेब डोक्यावर उभे राहून ओरडायचे, "खींचना नहीं, दबाना है! लग्नातली वरमाला आहे का खेचायला?" साहेब अर्धे हिंदी, अर्धे साताऱ्याचे.

हिचा ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिला दाब लांब आणि मऊ. मग बोट एका जागी अडतं. त्या अडण्याला मी उंबरा म्हणते. उंबऱ्याशी थांबायचं, अर्धा श्वास सोडायचा, नेम पुन्हा बघायचा आणि मग किंचित जोर. गोळी सुटते. सगळी कला त्या उंबऱ्याशी थांबण्यात आहे, आणि तो उंबरा फक्त बोटाला कळतो.

नव्या रायफलीतही उंबरा असतोच. नवी म्हणजे युद्ध संपल्यावर बनलेली, म्हणजे तीही आता म्हातारीच. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पण जुनीत ट्रिगर बसवलाय खालच्या लोखंडी पट्टीवर आणि ती पट्टी स्क्रूनं लाकडाला धरलेली. लाकूड फुगलं की पट्टी हलते, पट्टी हलली की उंबरा सरकतो, कधी पार नाहीसा होतो. आपल्याकडे पावसाळ्यात बाथरूमचं दार लागत नाही, तसंच. पुढे कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि नवीत ट्रिगर थेट वरच्या लोखंडालाच टांगला. लाकूड फुगो की सुको, त्याला सोयरसुतक नाही. नवीचा उंबरा बारा महिने एका जागी, कडक आणि स्पष्ट. जुनीचा जरा लोण्यासारखा, कितीतरी शिपायांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालेला. मला जुनीच आवडते. तिच्याशी बोलावं लागतं.

रविवारच्या आधी आली खंडेनवमी.

माझा नवरा जी.पी., म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, होता. रिटायर झाल्यापासून त्याला देव आठवलेत. मेडिकल कॉलेजात आम्ही एका वर्गात, म्हणून आमचं अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. तर खंडेनवमीला हा घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतो. स्वतःचा स्टेथोस्कोप, ड्रिल मशीन, पाटा-वरवंटा नाही म्हणून मिक्सर. आणि मधोमध माझी रायफल. "अख्ख्या हॅरोत खरं शस्त्र आपल्याच घरी आहे," असं तो फोनवर सगळ्यांना सांगतो. मी म्हणते, "पोलिसांनाही कळव एकदा." तो म्हणतो, "त्यांनीच तर परवानगी दिलीय!"

कपाटाची किल्ली कायद्यानं माझ्याकडेच असते. मी रायफल काढली, तिचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो, काढून खिशात टाकला आणि ती त्याच्या हातात दिली. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. माझी ज्युनिअर डॉक्टर रडकुंडीला आली होती, तिला समजावण्यात बराच वेळ गेला. परत आले तर रायफल पाटावर विराजमान, चकचकीत, हळदीकुंकू लावलेली, वर वेंब्लीहून आणलेला झेंडू. नवरा म्हणाला, "आता तुझं हत्यार पुढे कर."

हे आमचं दरवर्षीचं. हॉस्पिटलचे चिमटे-सुऱ्या घरी आणता येत नाहीत, म्हणून तो माझ्या उजव्या हाताच्या त्याच बोटाला ओलं कुंकू आणि अक्षता लावतो. मी बोट पुढे केलं, त्यानं कुंकू लावलं, मी नमस्कार केला आणि आम्ही श्रीखंड-पुरी खायला बसलो. मला गोड वर्ज्य आहे. तरी खाल्लं.

रविवारी रेंजवर गेले. रेंज क्रॉयडनच्याही पुढे, टेकडीच्या कुशीत. धुकं होतं, पाऊस नव्हता. माझी रेंजवरची मैत्रीण, सत्तरी ओलांडलेली रिटायर्ड शाळामास्तरीण, आधीच चटई पसरून बसली होती. जिभेला हिच्या धार, त्यामुळे आमचं जमतं. तिची रायफल नवी, म्हणजे त्या दोन बहिणींतली धाकटी. "आलीस का तुझ्या लहरी म्हातारीला घेऊन?" ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी चटई पसरली. गोळीबार सुरू झाल्याचं लाल निशाण वर गेलं, कानावर मफ चढवले, पोटावर झोपले, एक गोळी भरली. बोट ट्रिगरवर ठेवलं. धातू गार असायला हवा होता. गार आहे की नाही, याचा विचार करावा लागला.

पहिला दाब घेतला. मऊ, लांब. आता उंबरा लागेल, मग थांबायचं. बोट सरकत होतं. आता लागेल. अजून थोडं.

धाड!

गोळी सुटली होती. मी अजून उंबरा शोधत होते. लक्ष्याच्या बरंच खाली, मागच्या बांधाच्या मातीत धुरळा उडाला. खांद्याला बसलेल्या दणक्यापेक्षा मला त्या धुरळ्याची जास्त भीती वाटली. इतक्या वर्षांत माझ्या हातून न ठरवता गोळी सुटली नव्हती. कधीच नाही. मी बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली आणि हात मागे घेतले. रेंज ऑफिसर मागे येऊन उभा राहिला, "सगळं ठीक?" मी म्हणाले, "ट्रिगर बघते जरा." त्यानं मान हलवली, पण गेला नाही.

मला त्या मातीच्या जागी आजोबांचा डोळा दिसत होता. तो पापुद्रा, आणि न ठरवता पडलेला जोर. मेलं माझं नशीब, असं मी मोठ्यानं म्हणाले असणार, कारण मैत्रिणीनं विचारलं, "काय म्हणालीस?"

"उंबरा लागला नाही मला," मी तिला म्हणाले. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे, पण तिला माझा शब्द ठाऊक आहे.

"दे इकडे." तिनं ऑफिसरची परवानगी घेतली, चेंबर रिकामा आहे हे दोनदा बघितलं, माझी रायफल बांधाकडे रोखली आणि ट्रिगर दाबला. टक. पुन्हा बोल्ट मारला, पुन्हा दाबला. टक. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं बाई, उंबरा आहेच कुठे इथे? सरळ आत. तुझी म्हातारी आजारी पडलीय. पट्टी बघ, लाकूड कसं वर आलंय कडेनं. काय पाण्यात बुडवलीस की काय हिला?"

मी बघितलं. खरंच. लाकूड पांढुरकं पडलं होतं आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी उमललं होतं. मी तिथूनच जरा मागे, गाडीपाशी जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"त्या दिवशी रायफलीला काय केलंस तू?"

"काय केलं म्हणजे? पूजा केली."

"पूजेच्या आधी?"

"स्नान घातलं. तेलकट होती गं सगळी, कुंकू टिकेना. मग बाथटबमध्ये घेतली, कोमट पाणी, थोडं भांड्यांचं लिक्विड. छान निघाली. नंतर तुझ्या हेअर ड्रायरनं वाळवली."

"भांड्यांचं लिक्विड!" मी इतक्या जोरात ओरडले, की पार्किंगमधला कुत्रा भुंकायला लागला. "अरे गाढवा, ते तेल म्हणजे त्या लाकडाचा जीव आहे! कढई आहे का ती घासायला?"

"तुमच्या त्या रेंजवर कुणी खंडेनवमी करत नाही म्हणून तुला किंमत नाही," तो शांतपणे म्हणाला.

मी फोन ठेवला आणि गाडीला टेकून हसायला लागले. हसता हसता रडायलाच आलं. बोट नव्हतं! लाकूड होतं! माझ्या नवऱ्यानं महायुद्धातून वाचलेल्या रायफलीला अभ्यंगस्नान घातलं होतं आणि मी इकडे स्वतःच्या नोकरीचं तेरावं घालत होते. मला इतकं हलकं वाटलं, की त्याला परत फोन करून माफी मागावी असंही वाटून गेलं. नाही केला. इतकंही काही नाही.

परत आले तर मैत्रीण म्हणाली, "चल, दिवस फुकट नको जायला. माझी घे. आधी रिकामी दाबून बघ, हिची सवय नाहीये तुला."

मी आनंदात झोपले. धाकटीवर गाल टेकवला. रिकामी रायफल, बांधाकडे रोख. पहिला दाब घेतला, थांबले, मग जोर दिला. टक.

"लागला का उंबरा?"

"लागला," मी म्हणाले.

आणि म्हणताक्षणीच मला माझे पेशंट आठवले. तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसते, पण मागच्या वेळेची पाठ असते. ते जराही न अडखळता म्हणतात, दिसली. खोटं बोलत नाहीत बिचारे, त्यांना तसंच वाटतं. उंबरा कुठे असतो हे मला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. मी तिथे थांबले होते. पण बोटानं सांगितलं म्हणून थांबले, की पाठ होतं म्हणून?

अशा पेशंटला आम्ही काय करतो? चांगला डोळा झाकतो आणि दुसऱ्यानं वाचायला लावतो. मग चांगल्यानं. मग विचारतो, फरक आहे?

मी ते न करता उठू शकत होते. रायफल आजारी आहे हे सगळ्यांनी बघितलं होतं, ऑफिसरनंसुद्धा. मैत्रीण थर्मासमधून चहा ओतत होती. मी कूस बदलली, रायफल डाव्या खांद्याला लावली आणि डावं बोट ट्रिगरवर ठेवलं.

धातू गार होता. इतका गार, की मी दचकले. ट्रिगरच्या कडा, मधला बाक, सगळं बोटाला सांगत होतं. पहिला दाब, आणि उंबरा. ठाम, स्वच्छ, दाराच्या चौकटीला पाय लागावा तसा. ज्या हातानं मी आयुष्यात कधी रायफल चालवली नव्हती, त्या हाताला तो पहिल्या फटक्यात कळला.

पुन्हा उजवं बोट. सूज आल्यासारखं, जाड मोजा घातल्यासारखं. दाब गेला, कुठेतरी काहीतरी झालं, टक. पुन्हा डावं. पुन्हा उजवं. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी मैत्रिणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय झालंय तुला?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुझी चांगली आहे. माझ्या म्हातारीपेक्षा खरी आहे." चहाचा कप तिनं माझ्या डाव्या हातात दिला. तिला किती कळलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

घरी येताना एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता आणि मी स्वतःशी घासाघीस करत होते. आजोबांचं एक ऑपरेशन करून टाकू, मग तपासून घेऊ. त्यांना शब्द दिलाय. इतक्या वर्षांचा हात आहे, बोट नसलं तरी हात चालेल. मग स्वतःलाच म्हणायचे, त्यांच्याकडे एकच आहे गं भवाने, तुझ्याकडे अजून नऊ आहेत. पुन्हा म्हणायचे, पण नुसतं एकच ऑपरेशन. मला स्वतःची इतकी चीड आली होती, की मागच्यानं हॉर्न दिल्यावर मी काच खाली करून त्याला मराठीत शिव्या दिल्या.

घरी नवरा गुन्हेगारासारखा दारातच उभा. टेबलावर जवसाच्या तेलाची बाटली होती, कुठून तरी पैदा केलेली. "मी सगळं वाचलंय इंटरनेटवर," तो म्हणाला, "हळूहळू मुरवलं की लाकूड सुधारतं. उंबरा येईल परत तुझा."

मी आधी रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, मग टेबलाशी येऊन बसले. "लाकडाचं नाहीये रे," मी म्हणाले.

तो समोर बसला. "बोटाचं ना?"

"तुला कसं कळलं?"

"खंडेनवमीला. कुंकवाचं पाणी मी फ्रिजमधलं घेतो, तुला छळायला. दरवर्षी तू किंचाळतेस, 'मेल्या, गार आहे!' यंदा तू नुसता नमस्कार केलास."

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडले. "इतके दिवस! डॉक्टर ना तू?"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो उठला आणि देवघरातून वातींच्या कापसाचा डबा घेऊन आला. एक धागा उपटून बोटांत पिळला. माझा उजवा हात ओढून टेबलावर उताणा ठेवला, दवाखान्यात हजारो लोकांचा ठेवला असेल तसा.

"डोळे मिट. कापूस लागला की हो म्हण."

मी डोळे मिटले. "हो," मी म्हणाले. करंगळी होती. "हो." तिच्या शेजारचं. "हो," मधलं बोट, जरा उशिरा. मग तो थांबला. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. कापूस पुन्हा पिळत असेल म्हणून मी वाट बघितली.

"लाव ना आता," मी म्हणाले.

मी डोळे उघडले. कापूस माझ्या बोटावर होता, आणि नवरा तो हळूच इकडून तिकडे फिरवत होता.

मी डावा हात पुढे केला. "फोन दे," मी म्हणाले. "मंगळवारचे माझे आजोबा कुणाला तरी द्यायचेत."